जुन्या बाजारात सिनेमातली खेळण्यातली गाडी घेताना
बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात 'बॅक टू द फ्यूचर'ची डिलोरियन किंवा जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी ५ अशी हॉट व्हील्स या ब्रँडची छोटी खेळण्यातली गाडी सुटी, म्हणजे पाकिटाशिवाय दिसली, तर आधी ती उलटी करून बघा. तळावरचं साल दाखवून विक्रेता "जुना पीस आहे साहेब" म्हणत भाव चढवतो. हॉट व्हील्सच्या तळावर बहुतेक वेळा साच्याच्या कॉपीराइटचं साल असतं, गाडी कधी बनली त्याचं नव्हे. मग रिव्हेट, म्हणजे तळ आणि बॉडी जोडणारी खीळ तपासा. ती ड्रिलने पोखरलेली असेल तर गाडी कुणीतरी उघडली आहे. रंग नाहीतर चाकं बदललेली असू शकतात. हौसेला चालेल, पण मूळ मालाचे पैसे देऊ नका. लोहचुंबकाची परीक्षा इथे निरुपयोगी, कारण अस्सल बॉडीही जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिला चुंबक चिकटत नाही. घासाघीस मात्र बिनधास्त करा.