इच्छा आणि बंड: अमूर्त विषयांवर विद्यार्थ्यांचे कलाप्रकल्प कसे घडवावेत

‘इच्छा’ किंवा ‘बंड’ असा एखादा शब्द फळ्यावर लिहून वर्गाला चित्र काढायला सांगितले, तर पहिल्या तासात काय तयार होईल हे कोणताही कलाशिक्षक आधीच सांगू शकेल. तुटलेली साखळी, वळलेली मूठ, पिंजऱ्यातून उडणारा पक्षी, काळोखातली मेणबत्ती, गालावरून ओघळणारा थेंब. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांचा हात बऱ्यापैकी तयार झालेला असतो, त्यामुळे ही चित्रे दिसायला नेटकीही असतात. परंतु ही चिन्हे मुलांना आयती मिळालेली असतात आणि आयत्या चिन्हाबरोबर पाहण्याचे कष्ट संपतात. नववीपासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतच्या, तसेच कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्गातील विद्यार्थ्यांबरोबर आठ ते दहा आठवड्यांचा प्रकल्प करू इच्छिणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत येथे मांडली आहे.

या पद्धतीचा आधार एकाच निरीक्षणावर आहे. इच्छा डोळ्यांना दिसत नाही आणि बंडही दिसत नाही. मात्र इच्छेच्या वाटेत उभी असलेली आणि बंडाने ओलांडलेली गोष्ट नेहमीच दिसते. ती दुकानाची काच असते, घराचा उंबरा असतो, सूचनांची पाटी असते, पंगतीतली ठरलेली जागा असते. तिला आकार असतो, उंची असते, पृष्ठभाग असतो, म्हणजेच तिचे चित्र काढता येते. त्यामुळे मुलांना भावना रंगवायला सांगू नये. अडथळा शोधायला आणि तो नीट पाहायला सांगावे.

आयती चिन्हे आधी संपवावीत

पहिल्या तासाला आयत्या चिन्हांवर बंदी घालण्याचा मोह टाळावा, कारण बंदी घातलेली गोष्ट मुलांच्या मनातून जात नाही. त्याऐवजी प्रत्येकाने दहा मिनिटांत, जुन्या वर्तमानपत्रावर किंवा पाठकोऱ्या कागदावर, शब्द ऐकताच सुचेल ते सगळे रेखाटावे आणि ते सर्व कागद भिंतीवर लावावेत. चाळीस मुलांच्या वर्गात पंधरा साखळ्या आणि दहा पक्षी शेजारी शेजारी दिसले की शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. हे कागद प्रकल्प संपेपर्यंत काढू नयेत. पुढे एखादे काम अडले की मुलांनीच त्या भिंतीकडे पाहून आपण पुन्हा तिकडे वळलो आहोत का, हे तपासावे.

त्याच तासाच्या उत्तरार्धात चित्र न काढता लिहायला द्यावे. प्रश्न साधे असावेत: कोणाला काय हवे आहे? ते कुठे आहे? दोहोंच्या मध्ये काय आहे? ते मध्ये कोणी ठेवले? ते ओलांडले तर शरीराची नेमकी कोणती हालचाल होईल? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वाकणे, चढणे, पाठ फिरवणे, बसून राहणे, हात मागे घेणे अशी एखादी क्रिया हाती आली की चित्रकाराला धरण्यासारखे काहीतरी मिळते. ‘तिने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला’ या वाक्यात पाहण्याजोगे काही नाही. ‘ती उठली नाही’ या वाक्यात मात्र खुर्ची आहे, पाय आहेत आणि आजूबाजूला उभी राहिलेली माणसेही आहेत.

इतिहासातील दोन जागा

ही दृष्टी समजावण्यासाठी महाराष्ट्रातील दोन ठिकाणांचा उपयोग करावा असे मी आग्रहाने सुचवीन. पहिले महाडचे चवदार तळे. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना प्रत्यक्षात तेथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर चालत गेले आणि ते पाणी प्याले. या कृतीतील हालचाली मुलांना एकेक करून सांगायला लावाव्यात: पायऱ्या उतरणे, वाकणे, ओंजळ करणे, पिणे. माणूस रोज जे करतो तेच त्या ठिकाणी बंड ठरले, कारण मध्ये शतकानुशतकांची मनाई होती. येथे तहान आणि विद्रोह एकाच ओंजळीत आहेत, आणि मूठ कुठेही वळलेली नाही.

दुसरे ठिकाण पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे महाद्वार. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांना मंदिरात प्रवेश नव्हता; त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले आणि त्यानंतर हे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले. विठ्ठलाच्या भेटीची आस आणि तिच्या मधला दगड यांतील अंतर येथे पावलांनी मोजता येते. शक्य असेल त्यांनी विद्यार्थ्यांना अशा जागी नेऊन केवळ पायरी, उंबरा आणि दार यांची रेखाटने करून घ्यावीत. माणसे काढू देऊ नयेत. रिकाम्या पायरीचे दहा कोनांतून केलेले रेखाटन मुलांना स्थिरचित्राच्या तासापेक्षा अधिक शिकवते, कारण आपण काय पाहत आहोत हे त्यांना ठाऊक असते.

एवढी मोठी उदाहरणे ऐकल्यावर आपले आयुष्य फारच किरकोळ आहे असे मुलांना वाटू लागते आणि ती जगाच्या प्रश्नांवर पोस्टर करायला निघतात. त्यांना तेथेच थांबवून स्वतःच्या परिसरात परत आणावे. घरातल्या बाया सर्वांत शेवटी जेवतात, हा अडथळा आहे. ताटांची मांडणी, झाकलेले पातेले आणि रिकामा पाट यांतून तो दिसतो. दोन वेण्या आणि त्यांना ठरलेल्या रंगाची रिबीन, हाही एक नियम आहे. मैदानावर संध्याकाळी कोण खेळते आणि कोण कठड्याशी उभे राहते, हे पाहण्यासाठी वही घेऊन तासभर बसणे पुरेसे असते. विषय जितका लहान आणि नेमका, तितके काम खोल जाण्याची शक्यता अधिक, असे माझे ठाम मत आहे.

कोणत्या कलाकृती दाखवाव्यात

विषयाशी जुळणारी वीस-पंचवीस चित्रे पडद्यावर भराभर दाखवण्याने काहीच साधत नाही. तीन किंवा चार कलाकृती निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर निदान पंधरा मिनिटे थांबावे.

बंगाली शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही मालिका मी कधीही वगळणार नाही. १९७० च्या दशकात त्यांनी कागदाच्या पांढऱ्या लगद्यातून ही मुद्राचित्रे, म्हणजे ठशावरून घेतलेली चित्रे, घडवली. त्यांत माणूस नाही, शस्त्र नाही, प्रसंगही नाही. पांढऱ्या पृष्ठभागावर चिरा, खळगे आणि फाटलेल्या कडा आहेत, कुठे कुठे लालसर डाग आहे. जखमेचे चित्र काढण्याऐवजी त्यांनी कागदालाच जखमी केले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची रेखाटने त्यांनी तरुणपणी केली होती, हे या कामाआधी सांगितले तर माणसांच्या चित्रांपासून या कोऱ्या पृष्ठभागापर्यंतचा प्रवास मुलांना उमगतो.

बंडासाठी जर्मन चित्रकर्ती केटे कोल्विट्झ यांची शेतकरी युद्धावरील मुद्राचित्रमालिका घ्यावी. १५२४-२५ च्या शेतकरी उठावावरील ही सात चित्रांची मालिका त्यांनी १९०२ ते १९०८ या काळात केली. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्रात एक स्त्री आपल्याकडे पाठ करून, दोन्ही हात उंचावून जमावाला पुढे ढकलत आहे. तिचा चेहरा दिसत नाही, तरीही सारा आवेग तिच्या पाठीतून आणि बोटांतून कळतो. यानंतर लगेच शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांचे १९३० मधील गांधीजींचे लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेले चित्र, समोर ठेवावे. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी आणि एक पाऊल पुढे. बंड एकीकडे उसळते आहे, दुसरीकडे शांतपणे चालते आहे. या दोन चित्रांत वजन शरीराच्या कोणत्या भागावर आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी मुलांना वर्गात त्या मुद्रांमध्ये उभे राहायला सांगावे.

इच्छेसाठी स्विस कलावती मेरेट ओपनहाइम यांनी १९३६ मध्ये केसाळ कातड्याने मढवलेले कप, बशी आणि चमचा दाखवावेत. कप ओठांना लावावासा वाटतो आणि त्याच क्षणी नकोसा होतो. येथे अडथळा वस्तूच्या अंगावरच चढवलेला आहे. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना अमेरिकन कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस यांचे १९९१ मधील कामही समजते: एड्सने मृत्यू पावलेल्या आपल्या जोडीदाराच्या स्मरणार्थ त्यांनी रंगीत कागदांत गुंडाळलेल्या खाण्याच्या गोड गोळ्यांचा सुमारे ७९ किलोचा ढीग मांडला आणि पाहणाऱ्यांना त्यातली गोळी घेऊ दिली. घेतल्याने ढीग कमी होतो आणि तो पुन्हा भरता येतो. ज्याची ओढ आहे तेच आपल्या हाताने झिजते, हे सांगायला त्यात एकही आकृती लागलेली नाही.

साहित्याला काम करू द्यावे

तिसऱ्या आठवड्यापासून प्रयोग सुरू करावेत. मुलांनी लिहून ठेवलेली क्रिया आता साहित्यावर करून पाहायची असते. दाबून धरणे हा विषय असेल तर ओल्या लगद्यावर वस्तू दाबून ठसा घ्यावा. लपवणे असेल तर चित्रावर पांढऱ्या पोस्टर रंगाचे थर द्यावेत आणि मग पातीने ते खरवडावेत. बांधून ठेवणे असेल तर सुतळी, गोणपाट आणि जुन्या साडीच्या पट्ट्या वापराव्यात. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे रात्रभर भिजवून, कुटून, त्यात खळ मिसळली की पुरेसा चांगला लगदा तयार होतो, त्यामुळे खर्चाची सबब राहत नाही. लिनो कोरताना पाते नेहमी शरीरापासून दूर चालवावे आणि रिकामा हात पात्याच्या मागे असावा, हे पहिल्याच दिवशी प्रात्यक्षिकासह सांगावे.

प्रत्येक प्रयोग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करून वहीत चिकटवावा आणि खाली दोन ओळी लिहाव्यात: काय केले, आणि त्यातून काय दिसले. दुसऱ्या ओळीत ‘दुःख दिसले’ असे लिहू देऊ नये. ‘खरवडल्यावर खालचा निळा रंग फक्त कडांना राहिला’ असे लिहिले तर त्यातून पुढचे पाऊल सुचते. असे बारा-पंधरा प्रयोग झाल्याखेरीज अंतिम कामाचा आराखडा मंजूर करू नये. काही मुले बोटचेपेपणाने सर्व प्रयोग एकाच रंगात करतात. त्यांना मुद्दाम परके साहित्य हाती द्यावे.

वर्गात एक-दोन विद्यार्थी पूर्णपणे अमूर्त काम करण्याची परवानगी मागतात. ती जरूर द्यावी, पण अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची पद्धत समजावून सांगितल्यावर. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगकामाची बोथट सुरी) वापरून रंगाचे थर चढवणे, उतरवणे आणि मध्ये दीर्घ काळ थांबणे अशी त्यांची रीत होती, आणि वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. कॅनव्हासवर रंग उडवून तासाभरात मोकळे होण्याला अमूर्त चित्रकला म्हणत नाहीत. अशा विद्यार्थ्यानेही आपला अडथळा वहीत नेमकेपणाने लिहिलेला असावा. फक्त तो चित्रात ओळखू येण्याची सक्ती नसावी.

आकार आणि जागा यांचा निर्णय सहाव्या-सातव्या आठवड्यात घ्यावा. काम पाहणाऱ्याला वाकावे लागेल का, टाचा उंचावाव्या लागतील का, वाट बदलावी लागेल का, याचा विचार मुलांना सहसा सुचत नाही. उंबऱ्यावरचे काम उंबऱ्यावरच ठेवले तर ते ओलांडण्याचा निर्णय पाहणाऱ्याला घ्यावा लागतो.

जपण्याच्या गोष्टी

इच्छा हा विषय किशोरवयात नाजूक असतो आणि बंडाच्या मुळाशी कधी कधी घरातला खरा त्रास असतो. कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःची कहाणी उघड करायला भाग पाडू नये; आजूबाजूला पाहिलेल्या, इतिहासातल्या किंवा कल्पिलेल्या अडथळ्यावर काम करण्याची मुभा पहिल्याच दिवशी द्यावी आणि तिच्यामुळे गुण कमी होणार नाहीत हेही स्पष्ट सांगावे. वहीतली जी पाने मुलाला दाखवायची नसतील ती त्याने दुमडून पिनने बंद करावीत आणि शिक्षकाने ती उघडू नयेत. तरीही एखाद्या कामातून मूल धोक्यात असल्याचे जाणवले, तर वर्गासमोर काहीही न विचारता त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावे आणि शाळेच्या समुपदेशकाला कळवावे. घरच्यांची छायाचित्रे वापरण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. जातीच्या अनुभवावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला साऱ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून वर्गापुढे उभे करू नये. ते त्याच्यावर लादलेले नवे ओझे होते.

मांडणी आणि गुण

चर्चेच्या दिवशी काम करणाऱ्याने प्रथम बोलू नये. वर्गाने पाच मिनिटे शांतपणे पाहावे, मग तिघांनी आपल्याला काय दिसते एवढेच सांगावे, आणि त्यानंतर कर्त्याने आपल्या वहीतील क्रिया वाचून दाखवावी. पाहणाऱ्यांनी सांगितलेले आणि वहीतले तंतोतंत जुळलेच पाहिजे असे नाही. मात्र भिंतीवरच्या पहिल्या दिवसाच्या चिन्हांपैकी एखादे सर्वांनी ओळखले, तर काम आणखी एक आठवडा पुढे न्यावे.

गुणांपैकी निम्मे वहीला द्यावेत: निरीक्षणाची रेखाटने, प्रयोग आणि त्यांखालच्या ओळी. उरलेले गुण अंतिम कामात साहित्य आणि क्रिया यांचा मेळ किती बसला यावर द्यावेत. केवळ सफाईदार रंगकामाला वेगळे गुण ठेवले की मुले शेवटच्या आठवड्यात पुन्हा सफाईकडे धावतात. प्रदर्शनातील चिठ्ठी तीस-चाळीस शब्दांची असावी आणि तिच्यात विषयाचे नाव येऊ नये. काम कशापासून आणि कोणत्या कृतीने झाले एवढेच लिहावे. ही चिठ्ठी कामाच्या शेजारी न लावता खोलीच्या दाराजवळ एकत्र लावावी, म्हणजे लोक आधी काम पाहतात आणि मग वाचायला जातात.