जुना पाच तारी बेस गिटार बघायला निघताना

डबसाठी (रेगेतून निघालेली, बेसला पुढे आणणारी संगीतशैली) पाचवी तार लागतेच का, हे घरीच ठरवून टाका. १९७०च्या दशकात किंग्स्टनमध्ये हे संगीत उभं राहिलं ते मुख्यतः चार तारांवरच. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचे ॲस्टन बॅरेट फेंडरचा चार तारी जॅझ बेस वाजवायचे. मला पाचवी तार लागते ती दोन कारणांनी. गाणं डी किंवा सी मध्ये असलं की मूळ स्वर आणखी खालच्या सप्तकात सापडतो. दुसरं कारण माझ्या लेखी मोठं: ई हा स्वर मोकळ्या (न दाबलेल्या) ई तारेऐवजी बी तारेच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पाचव्या तारेच्या, पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून वाजवला, तर तो जाड आणि गोल येतो, खणखणाट कमी होतो. म्हणजे खरं तर आपण एक तार विकत घेतोय, बाकीच्या चार सोबत येतात. तपासणीतला निम्मा वेळ तिलाच द्या.

फोनवर आधी विचारा की पाचवी तार खालची बी आहे की वरची सी. हा प्रश्न वेडगळ नाही. फेंडरने १९६५ साली काढलेल्या बेस फाइव्हला वरची सीच होती, आणि आजही काही जण तशी लावून घेतात. मग नटची (हेडजवळ तारा टेकतात त्या पट्टीची) खाच बारीक कापलेली असते आणि खालच्या बीची १३०ची (०.१३० इंच) जाड तार तिच्यात बसत नाही. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंची की ३५ हेही विचारा. तीच तार त्याच स्वराला ३५ इंचांवर साधारण ६ टक्के जास्त ताणली जाते. खर्जात तेवढ्यानेही फरक पडतो, पण चांगला बांधलेला ३४ इंची बेस ढिसाळ ३५ इंचीला कधीही मागे टाकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भाळू नका.

पिशवीत स्वतःची केबल, नऊ व्होल्टची नवी बॅटरी (बेसमधला बॅटरीवरचा प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट, १८ व्होल्टचा असेल तर दोन), कॅपो (तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा), छोटी टॉर्च आणि फोमचा एक तुकडा टाका. ट्यूनर पेडलवाला घ्या. खालचा बी जवळपास ३१ हर्ट्‌झचा, तिथे क्लिपवाले ट्यूनर चाचपडतात. तेवढाच असेल तर बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकने (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या वरच्या स्वराने) तार लावा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोठा ॲम्प मिळेल अशा जागी भेट ठरवा. छोट्या सरावाच्या ॲम्पमधून ३१ हर्ट्‌झ जवळजवळ बाहेरच येत नाहीत. मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या हार्मोनिक्सवरून कान तो स्वर स्वतःच भरून काढतो आणि तार झकास वाटते. माझा पहिला पाच तारी मी असाच घेतला. तालमीच्या खोलीत आवाज चढवल्यावर त्या तारेतून नुसती घरघर, स्वर कुठला ते कळेना.

हातात आल्यावर लगेच वाजवू नका. बॉडीकडून हेडकडे एक डोळा मिटून नेकवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ पडलाय, आभार मानून निघा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून बी तार नेक-बॉडीच्या सांध्याजवळ दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असू द्या. फट जास्त दिसली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक बदलणारी सळी) अजून फिरतो का ते मालकालाच फिरवून दाखवायला सांगा. शेवटापर्यंत आवळलेला रॉड म्हणजे पुढे काही उपाय उरत नाही.

आता टोन पूर्ण बंद, फक्त नेककडचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) चालू, अंगठ्याने फिंगरबोर्डच्या टोकापाशी छेडायचं. बी तार मोकळी, मग पाचव्या फ्रेटवर, मग बाराव्यावर. बारावा फ्रेट हार्मोनिकपेक्षा चढा येत असेल आणि सॅडल (ब्रिजवरचा, म्हणजे बॉडीकडच्या टोकाच्या पट्टीवरचा, तारेचा सरकता आधार) आधीच पार मागे असेल, तर शंका घ्या. पण दोष मेलेल्या तारेचाही असू शकतो, म्हणून नवी तार लावून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो, ते बऱ्याच बेसांमध्ये असतं. आपण तिकडे फारसे जात नाही, सोडून द्या. ॲम्पशिवाय ऐकू येणारी फ्रेटची थोडी खडखडही सोडून द्या, टोन बंद केल्यावर ती राहत नाही. नॉबची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट पापुद्रा दिसला तर मात्र नवी बॅटरी घालून प्रीॲम्प नक्की वाजवून बघा.

शेवटी ब्रिजजवळ तारांखाली फोम सरकवा, म्हणजे आवाज दबका येईल, आणि पट्टा अडकवून, उभं राहून, एकच ओळ दहा मिनिटं वाजवा. तारा पिळायच्या पाच खुंट्यांच्या वजनाने हेड खाली झुकतंय का, ते डाव्या हातालाच कळेल. निघताना फोम काढून घ्या; माझे दोन तुकडे अजून दुसऱ्यांच्या बेसमध्ये आहेत.