किनारा जपायला निघालात? मग या चुका टाळा

पाच जूनला खाडीकाठी कांदळवन म्हणजे खारफुटी लागवडीचा कार्यक्रम होतो, सरपंच येतात, शाळेची पोरं येतात, बॅनर लागतो, फोटो निघतात, आणि दिवाळीपर्यंत त्या जागी नुसत्या बांबूच्या काठ्या उभ्या दिसतात. मग गावात चर्चा की रोपंच खराब होती. रोपं बहुतेक वेळा चांगली असतात हो, जागा चुकलेली असते.

कांदळवन भरती-ओहोटीच्या मधल्या ठरावीक उंचीवरच जगतं. त्याच्या खालच्या चिखलात रोप लावलं की ते तासन् तास पाण्याखाली राहतं, मुळांना हवा मिळत नाही, वर खोडाला बार्नेकल (कवचवाले बारीक समुद्री जीव) चिकटतात, रोप वाकतं आणि जातं. पण मोकळा चिखल दिसला की आपल्याला तो पडीक वाटतो. तो पडीक नाहीये, बायका तिथेच तिसऱ्या (खायचे शिंपले) काढतात आणि थंडीत आलेले पक्षी तिथेच चरतात, म्हणजे रोपं जगली तरी नुकसानच. म्हणून आधी उधाणाच्या (मोठ्या) आणि भांगाच्या (लहान), दोन्ही भरतीला पाणी कुठवर येतं ते काठ्या रोवून बघा, आणि शेजारी तिवर, चिप्पी ही खारफुटीची झाडं आपोआप कुठल्या उंचीवर उगवलीय तेही बघा. आपोआप काहीच उगवत नसेल तर कारण शोधा: रस्त्याखालची मोरी बुजलीय का, कुणी भराव टाकलाय का, गुरं चरतात का? बऱ्याच ठिकाणी मोरी मोकळी करून पाणी खेळतं केलं की बिया भरतीबरोबर स्वतः येतात, लागवड करावीच लागत नाही. आणि कांदळ या खारफुटीच्या एका जातीच्या लांब शेंगा खोचायला सोप्या म्हणून सगळीकडे कांदळच लावणं, हेही बंद करा.

दुसरी मोठी चूक म्हणजे पुळणीची (वाळूच्या किनाऱ्याची) धूप दिसली की लगेच धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी. दगडी भिंतीवर लाट आपटून परत जाते तेव्हा पुढची वाळू घेऊन जाते, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते, मग ती वाडीपण बंधारा मागते आणि हे पुढे चालूच राहतं. घरं अगदी तोंडावर आली असतील तर भिंतीशिवाय इलाज नसतो, ते मान्य, पण जिथे मागे जागा आहे तिथे वाळूचे उंचवटे सपाट करू नका, वाळूवर पसरणारी मर्यादावेल उपटू नका, खाडीच्या तोंडाची वाळू उपसू देऊ नका. वादळात तेच उंचवटे वाळू पुरवतात. सुरूचं बन हा त्याला पर्याय नाही, त्याच्या दाट सावलीत आणि पाल्यात वाळू धरणाऱ्या वेली टिकत नाहीत.

आता जरा नाजूक विषय, खारबंधिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवायला बांध घालून केलेली शेती. अलिबाग-पेण भागात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड (भगदाड) पडली, वेळेत बुजवली नाही, खारं पाणी भातशेतीत शिरलं आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभं राहिलं, असं बऱ्याच गावांत झालंय. कायद्याने ते तोडता येत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन कुणाचीही असो, कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. पण सातबारा ज्याच्या नावावर आहे त्या शेतकऱ्याला फक्त 'तोडू नका' सांगून संवर्धन होत नाही, त्याच्या घरात त्या शेतातून येणारा तांदूळ बंद झालेला असतो. पूर्वी गावकी मिळून बांध राखायची, खांड पडली की सगळे धावायचे. जिथे शेती अजून वाचण्यासारखी आहे तिथे पावसाआधी बांध आणि उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) तपासा, आणि जिथे कांदळवन आलंच आहे तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे खेकडापालन, कालवं-पालनाची योजना मागा, मालकाला त्यात पहिला धरा.

किनाऱ्याच्या सरकारी नकाशाचीपण एक गंमत, गंमत कसली, गंभीर गोष्ट आहे. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, म्हटलं की सगळे भरतीरेषेपासूनचे मीटर मोजतात. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही ना-विकास पट्टी (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) ५० मीटर आहे, इतर ग्रामीण भागात २००. पण नकाशावर धोकारेषापण असते, समुद्राची वाढती पातळी, पूर आणि धूप धरून काढलेली, आणि ती बांधकामाला कायद्याने अडवत नाही म्हणून ग्रामपंचायत तिकडे बघतच नाही. अंगणवाडी, पाण्याची टाकी, दवाखाना तरी त्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला बांधू नका ना! शिवाय कांदळवनामागे भिंत घातलीत तर पाणी वाढल्यावर त्याला मागे सरकायला जागाच उरत नाही, पुढून पाणी आणि मागून काँक्रीट, मधला पट्टा मरतो.

कासवांचं थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून घरटी राखायचं काम झालं तसं अनेक गावांनी केलं, छानच आहे, पण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ठरतं आणि वाळू जास्त तापली की माद्याच जास्त होतात. त्यामुळे हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, थर्मामीटर ठेवा, वाळू तापत असेल तर सावलीची जाळी लावा.

आणि किनारा जपायच्या गावसमितीची मीटिंग ओहोटीच्या वेळी ठेवू नका. तेव्हा कालवं, तिसऱ्या काढणाऱ्या बायका खाडीत असतात, मीटिंगला फक्त बोटवाले आणि हॉटेलवाले येतात, आणि चिखल कुठे वाढला, तिसऱ्या कुठे संपल्या हे ज्यांना माहितीय त्यांचा एक शब्द इतिवृत्तात नसतो. तारीख ठरवताना पंचांगातली तिथी बघून भरतीची वेळ काढा, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवसृष्टीची अधिकृत नोंद) त्या बायकांनी सांगितलेल्या जागा नावानिशी लिहून घ्या, पुढे कुणी तिथे भराव टाकला तर तक्रारीला तीच नोंद लावता येते.