लायसनची बंदूक गाडीतून नेताना

लायसन आहे म्हणजे बंदूक कुठेही नेता येते असं बऱ्याच जणांना वाटतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गाडीत काही ठेवायच्या आधी लायसन उघडा आणि क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा, फक्त जिल्हा आहे, महाराष्ट्र राज्य आहे का संपूर्ण भारत. महाराष्ट्रापुरतं असेल तर बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली की ते लायसन चालत नाही, मग तुम्ही रोज गोव्यात कामाला जात असलात तरी. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या मंडळींना हे मुद्दाम सांगतोय, कारण तिकडे हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. क्षेत्र वाढवून पाहिजे तर ज्यांनी लायसन दिलं त्यांच्याकडेच अर्ज करायचा, म्हणजे जिल्ह्यात कलेक्टर ऑफिस आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्तांकडे. मुदत पण बघून घ्या, शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन ५ वर्षांचं झालंय, पण तुमच्या पुस्तकावर जी तारीख छापली आहे तीच खरी.

शेतीसंरक्षणाचं लायसन असणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं. ती बंदूक पीक राखायला मिळालेली असते, त्यामुळे दुरुस्ती, नूतनीकरण किंवा जमा करणं सोडून ती गाडीत कशाला आहे हे सांगणं अवघड जातं. (डुक्कर मारायची परवानगी वेगळी, ती वनखात्याकडून घ्यावी लागते, बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीचं नव्हे.) आणि लग्नाच्या वरातीला तर कुठलीच बंदूक नेऊ नका. आनंदात हवेत बार काढला आणि लोकांच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे पण २०१९ मध्येच आलं.

आता पॅकिंग. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या बॅगेत किंवा होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असायला हवी. चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर टाकणं म्हणजे बॅग नव्हे. बारा बोर डबल बॅरल असेल तर घरीच मोडून (म्हणजे सांध्यातून उघडून) दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघा, मग नळी आणि दस्ता वेगळे करून बॅगेत घाला, रायफल असेल तर बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढून ठेवा, पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा आणि मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघा, हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते. ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे भरायची) ठासलेली घेऊन गाडीत बसायचंच नाही, आणि कॅप, दारू, छर्रे सगळं वेगवेगळं. काडतुसं दुसऱ्या कुलपाच्या डब्यात, बंदुकीपासून लांब. डॅशबोर्डच्या खणात नको, तिथे ऊन लागतं आणि टोलची चिल्लर काढताना कोणीही तो खण उघडतं. किती काडतुसं ठेवता येतात ते लायसनवर असतं, निघताना मोजा आणि आकडा मोबाइलवर लिहून ठेवा.

बंदूक नेणार कोण हा प्रश्न लोक विसरतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सोय आहे की लायसनधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, लायसनच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी शस्त्र नेऊ शकतो. म्हणजे वडिलांची बंदूक मुलाने एकट्याने दुकानात नेली तर वडिलांच्या सहीचं पत्र पाहिजे, त्यात बंदुकीचा नंबर, कशासाठी, कुठून कुठे आणि तारीख, सोबत मूळ लायसन. "जरा गाडीत टाकून घेऊन ये रे" असं ड्रायव्हरला फोनवर सांगितलं आणि नाक्यावर तो सापडला तर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा त्या बिचाऱ्यावर लागू शकतो आणि तुम्हीही सुटणार नाही.

रस्ता पण आधी बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि आपल्याकडे कितीतरी रस्ते थेट जंगलातून जातात, परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणी किंवा कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट ही नेहमीची नावं. आम्ही फक्त पास होत होतो हे वनरक्षकाला रात्री पटवत बसण्यापेक्षा लांबचा पडला तरी दुसरा रस्ता धरा.

नाकाबंदी लागली तर काच खाली, आतली लाइट चालू, हात स्टिअरिंगवर. विचारायच्या आधी शांतपणे सांगा की गाडीत लायसनचं शस्त्र आहे, रिकामं आहे, डिकीत आहे. दाखवतो म्हणून स्वतःहून बॅगेला हात घालू नका, साहेब म्हणतील तेव्हाच. लायसन मागायचा पोलिसांना अधिकार आहे, ते मूळ दाखवा, झेरॉक्स वेगळी ठेवा.

बाकी गाडी ही बंदूक ठेवायची जागा नाही. चहाला थांबलात तर एक जण गाडीपाशी, हॉटेलात मुक्काम असेल तर बॅग खोलीत, रात्रभर पार्किंगमध्ये बिलकुल नाही, आणि व्हॅलेच्या (गाडी पार्क करून देणाऱ्या माणसाच्या) हातात किल्ली द्यायचीच नाही. गाडी वॉशिंगला किंवा सर्व्हिसिंगला टाकायच्या आधी सीटखाली एखादं सुटं काडतूस घरंगळलंय का बघा, तेवढ्यावरूनही चौकशी मागे लागू शकते. बंदूक चोरीला गेली तर आधी घरी फोन, मग शोधाशोध असं न करता सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात जा आणि तक्रारीची प्रत घ्या.

निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तर वरचंच सगळं पाळून ठाण्यात न्या, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा आकडा घातलेली पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि पावसात प्रवास झाला असेल, विशेषतः कोकणात, तर घरी पोचल्यावर बंदूक बॅगेत राहू देऊ नका, आतला फोम ओल धरतो आणि नळीला गंज चढतो, त्याच रात्री पुसून तेलाचा हात फिरवा आणि कुलपात टाका, बॅग उलटी करून वाळत घाला.