आभाळ साफ होतं ना भाऊ! अवकाळीत या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या वसमत भागात जागा मिळंल तिथं शिजवलेली हळद पसरलेली असते आणि दरसाली कुणीतरी संध्याकाळी चिखलातून हळकुंडं वेचत बसलेलं दिसतं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "सकाळी तर आभाळ साफ होतं ना भाऊ."

अरे बाबा, साफ होतं म्हणूनच तर पाऊस आला! दिवसभर कडक ऊन पडलं की जमिनीलगतची हवा तापून हलकी होते, त्यात बंगालच्या उपसागराकडून नाहीतर अरबी समुद्राकडून बाष्प आलेलं असलं आणि उत्तरेतल्या पश्चिमी विक्षोभामुळं (पश्चिमेकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा) वरती थंड हवा असली की दुपारनंतर ही गरम हवा सुसाट वर जाते, अन् तासाभरात ढग 12-15 किलोमीटर उंच. आत शून्याखाली 10-15 अंशाला सुद्धा पाण्याचे थेंब न गोठता राहतात, ते बर्फाच्या कणाला चिकटत जातात, खालून येणारा वारा त्याला तोलून धरतो, आणि वजन पेलंना झालं की गार खाली. म्हणून सकाळ बघून निवांत होऊ नका, उकाडा बघा.

मी पण शहाणा नव्हतो. 2014 च्या मार्चमध्ये मराठवाड्यात दिवसेंदिवस गारपीट चालू होती, तरी आमची ताडपत्री घरीच, "उद्या नेऊ". साडेतीनला पश्चिमेला बोटभर ढग होता, मी म्हणलं चहा घेऊन निघू. चहा संपेपर्यंत सुपारीएवढ्या गारा. हळद आधी पांढऱ्याखाली गेली, मग चिखलात, रंग गेला आन् भाव पण गेला. तेव्हापासून ताडपत्री ढिगाजवळच असते, दगड ठेवून. दुपारी एकनंतर अर्ध्या-अर्ध्या तासाला वर बघतो: ढगाचं डोकं फुलकोबीसारखं फुगलं की गोळा करायला सुरुवात, ऐरणीसारखं सपाट झालं की हळद तिथंच सोडून घर गाठायचं.

दुसरी चूक जिवावरची. ईज कडाडती आन् माणूस पाऊस यायची वाट बघत औताचं अजून एक तास मारतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात. चमकल्यापासून दर 3 सेकंदाला 1 किलोमीटर हे गणित बरोबर, पण "9 सेकंद झाले, लांब हाय" हा हिशोब चुकीचा, कारण ईज पावसापासून 10-15 किलोमीटरवर पण पडते. लिंबाखाली थांबू नका, जनावरं पण तिथं बांधू नका. करंट जमिनीतून पसरतो, बैलाच्या पुढच्या-मागच्या पायात अंतर जास्त, म्हणून एका झटक्यात आख्खी दावण जाते. आखाड्यावरचं उघडं शेड पण कामाचं नाही. पक्कं घर, नाहीतर काचा लावलेली जीप.

जवळ ईज पडायच्या आधी इशारा देणारं दामिनी ॲप टाकून नोटिफिकेशन बंद ठेवणाऱ्यांना मी काय बोलू.

मोबाईल हातात असल्यानं ईज पडत नाही. चार्जिंगला लावून बोलू नका एवढंच.

काल येलो अलर्ट होता अन् काही आलं नाही म्हणून आज दुर्लक्ष? अलर्ट जिल्ह्याला असतो, ढग पाच-दहा गावांपुरता.

आणि दर एप्रिलला वावटळीचा व्हिडिओ "आपल्याकडं टोर्नॅडो" म्हणून फिरवणं बंद करा. वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, वर ढग नसला तरी. टोर्नॅडो ढगातून खाली उतरतो. अमेरिकेत वसंतात मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा, रॉकी पर्वताकडची कोरडी हवा आणि उंचीप्रमाणं दिशा-वेग बदलणारा वारा एकत्र आला की ढगच गरगरायला लागतो. सगळ्यात जबर टोर्नॅडोत वारा ताशी 320 किलोमीटरच्या वर. आपल्याकडं पत्रे उडवतो तो बहुतेक वेळा ढगातून आदळून सरळ पसरणारा गार वारा. नंतर बघा, झाडं एकाच बाजूला आडवी झालेली असतात. आणि पत्र्यावर दगड ठेवणारेहो, पत्रा उचलला की तेच दगड खाली खाटेवर येतात. हूक मारून घ्या, एका सकाळचं काम आहे.