पबमेडवर अलर्ट लावताय? आधी सर्च नीट बांधा

दर सोमवारी पबमेड उघडायचं, तेच शब्द पुन्हा टाइप करायचे आणि मागच्या खेपेला पाहिलेले पेपर ओलांडत नवे हुडकायचे, हा उद्योग करणारे डॉक्टर आणि पीएचडीचे विद्यार्थी बरेच आहेत. त्याची काही गरज नाही. वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायचं, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं हे संकेतस्थळ 1997 पासून सगळ्यांना खुलं आहे. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी असलेल्या या साठ्यात तुमच्या विषयावर नवं काही आलं, की ते स्वतःहून ईमेल पाठवतं.

अलर्ट लावायला दोन मिनिटं पुरतात. अर्धा तास द्यायचा तो सर्चला. एरवी सर्च ढोबळ असली तरी आपण नजरेनं निवड करतो. अलर्टमध्ये मात्र नको असलेलं दर आठवड्याला येऊन पडतं, आणि हवं ते निसटलं तर त्याचा पत्ताही लागत नाही.

लाल विंचवाच्या दंशाचं उदाहरण घेऊ. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून केलेल्या उपचारांमुळे हा विषय जगभर पोचला. सर्चच्या चौकटीत (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं) नुसतं ‘स्कॉर्पियन’ टाकलंत, तर विषातल्या प्रथिनांवरचं सगळं रसायनशास्त्र अंगावर येईल. म्हणून ‘स्कॉर्पियन स्टिंग’ हे दोन शब्द दुहेरी अवतरणात टाका आणि ‘स्टिंग’च्या शेवटी, अवतरण बंद करण्याआधी, फुली म्हणजे ॲस्टेरिस्क द्या. त्यानं ‘स्टिंग्ज’ही सापडतं. पुढे कॅपिटल अक्षरांत ‘ऑर’ लिहून विंचवाचं शास्त्रीय नाव जोडा.

इथे एक खाचखळगा आहे. या विंचवाची प्रजाती आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस आणि आता होटेनटोटा अशी बदलत गेली. तिन्ही नावं टाकत बसू नका. ‘टॅम्युलस’ हा दुसरा शब्द सगळीकडे कायम आहे, तेवढाच द्या आणि त्याला चौकोनी कंसात ‘टीआयएबी’ची खूण लावा. मग तो शब्द फक्त शीर्षक, सारांश आणि लेखकांनी दिलेले कीवर्ड यांत शोधला जातो.

सर्च बरोबर आहे का, हे तपासायची साधी रीत आहे: आपल्याला आधीपासून माहीत असलेले दोन-तीन पेपर त्यात येतात का ते पाहायचं. प्राझोसिन एकटं द्यावं की सोबत विंचवाच्या विषावरची प्रतिलसही (अँटिव्हेनम) द्यावी, यावरची बावस्करांची चाचणी 2011 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्या शीर्षकात ‘स्कॉर्पियन’ आणि ‘स्टिंग’ यांच्या मधोमध कंसात शास्त्रीय नाव बसलंय. म्हणजे नुसत्या अवतरणातल्या शब्दजोडीला ते शीर्षक सापडत नाही, ‘टॅम्युलस’ला सापडतं.

‘इंडिया’ ही अट घालायचा मोह होतो. या विषयात तरी घालू नका. खूण न लावता तो शब्द टाकला, तर लेखकाच्या पत्त्यात भारत असलेले पेपरही येतात. खूण लावली, तर सारांशात फक्त ‘महाराष्ट्र’ किंवा ‘तमिळनाडू’ लिहिणारे गळतात. फक्त माणसांवरचे पेपर दाखवणारा डाव्या बाजूचा ‘ह्यूमन्स’ फिल्टरही अलर्टसाठी टाळलेला बरा. ज्या नोंदींना लायब्ररीच्या ठरावीक विषयसंज्ञा अजून जोडलेल्या नाहीत, त्या त्यात सापडत नाहीत, आणि ताज्या नोंदी बऱ्याचदा त्याच असतात.

आता अलर्ट. वर उजवीकडे ‘लॉग इन’ आहे. 2021 पासून तिथे वेगळा पासवर्ड काढता येत नाही. गूगल, ऑर्किड (संशोधकांची ओळख-नोंदणी) अशा खात्यानंच आत जावं लागतं. कॉलेजचं खातं वापरू नका, कॉलेज सुटलं की तेही जातं.

लॉग इन करून आपली सर्च चालवा आणि चौकटीखालच्या ‘क्रिएट अलर्ट’वर क्लिक करा. पुढच्या पानावर सर्चला ओळखीचं नाव द्या, म्हणजे पुढे चार-पाच अलर्ट झाले तरी गोंधळ होत नाही. ईमेल हवा का, याला ‘येस’ म्हणा. रोज, आठवड्याला की महिन्याला, हा पर्याय येतो. आठवड्याचा निवडा आणि जरा सवड असलेला वार ठरवा. रोजचे अलर्ट पंधरवड्यात न उघडता डिलीट व्हायला लागतात. फॉरमॅटमध्ये ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ घेतलंत, तर सारांश मेलमध्येच वाचता येतो. एका मेलमध्ये जास्तीत जास्त किती नोंदी याव्यात, तो आकडा फार लहान ठेवू नका. नवं काही नसतानाही मेल पाठवायचा का, ती खूण सुरुवातीचे काही आठवडे चालू ठेवा: अलर्ट जिवंत आहे की मेल स्पॅममध्ये जातोय, ते कळतं. मग ‘सेव्ह’.

अलर्टमध्ये फक्त इथून पुढचं येतं. मागचे पेपर त्याच वेळी एकदा चाळून ठेवा.

एखाद्या संशोधकाच्याच कामावर लक्ष ठेवायचं असेल, तर आधी आडनाव, मग स्वल्पविराम न देता आद्याक्षरं (बावस्कर एचएस) आणि चौकोनी कंसात ‘एयू’ अशी सर्च करून तिचाही अलर्ट लावता येतो. खातंच नको असेल, तर ‘क्रिएट अलर्ट’शेजारच्या ‘क्रिएट आरएसएस’नं तीच यादी फीड रीडरमध्ये, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, घेता येते.

पुढे बदल करायचा किंवा अलर्ट बंद करायचा, तर खात्याच्या डॅशबोर्डवर ‘सेव्हड सर्चेस’मध्ये जा. नावाशेजारी गिअरचं चिन्ह असतं, सगळी सेटिंग तिथे आहेत.

एखाद्या पेपरचा पुढे कोणी उल्लेख केला, हे मेलनं हवं असेल, तर मी गूगल स्कॉलरकडे जाते. तिथे तो पेपर शोधून ‘सायटेड बाय’ उघडायचं आणि त्या पानावरून अलर्ट लावायचा.