प्रवाळटाकीचे पहिले सहा महिने

घरी प्रवाळटाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, मांडायची तर ती 150 ते 200 लिटरची घ्यावी. चाळीस लिटरची टाकी स्वस्त आणि आटोपशीर वाटते, पण पाणी जितके कमी तितका त्यातला बदल झपाट्याने होतो, आणि प्रवाळांना सोसवत नाही तो हाच. पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून 200 लिटरच्या टाकीचे वजन पाव टनाच्या पुढे जाते. त्यामुळे जागा एकदाच, विचार करून निवडावी.

टाकीत नळाचे पाणी थेट चालत नाही. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काहीही निघू शकते, आणि जुन्या तांब्याच्या गीझरमधून उतरलेले तांबे कोळंबी व गोगलगाईंचा जीव घेते. म्हणून आर.ओ.च्या पुढे डी.आय. रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेला फिल्टर वापरावा आणि टी.डी.एस. (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसल्याशिवाय त्या पाण्यात मीठ कालवू नये. स्वयंपाकघरातले आर.ओ. यंत्र या कामाला पुरत नाही. चौपाटीवरून बादली भरून आणण्याचा मोह मुंबईकराला होतोच. पण तिथले सांडपाणी आणि पावसाळ्यात घसरणारा खारटपणा पाहता तो आवरलेला बरा.

वीस लिटर पाण्याला कृत्रिम समुद्री मीठ साधारण 700 ते 800 ग्रॅम लागते. मीठ पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये; ओतल्यास कॅल्शियमचा पांढरा साका तळाशी बसतो आणि नंतर कितीही ढवळले तरी विरघळत नाही. पंप लावून रात्रभर फिरवलेल्या पाण्याचा खारटपणा 35 पी.पी.टी. (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) 1.026 च्या आसपास, असावा. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा, कारण साध्या पाण्याने शून्यावर आणलेले उपकरण वरच्या आकड्यांत बिनदिक्कत चुकते.

दगड व वाळू रचून झाल्यावर टाकीत अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून निघणारे विष) 2 पी.पी.एम., म्हणजे दहा लाख भागांत 2 भाग, होईल इतका घालावा आणि बाटलीतले जिवाणू सोडावेत. हे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, पण त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे जातात. घातलेला 2 पी.पी.एम. अमोनिया 24 तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य आले, तरच अमोनिया ते नायट्रेट हे चक्र बसले असे समजावे. तोवर दिवे बंदच ठेवावेत, नाहीतर शेवाळाला आमंत्रण. या काळात दुकानदार ‘एखादा मासा सोडून बघा’ म्हणतो. त्याचे ऐकू नये.

आपल्याकडची खरी अडचण उष्मा. पाणी 25 ते 26 अंशांवर राखायचे असते आणि मे महिन्यात बंद घरातली टाकी सहज 31 वर जाते. पृष्ठभागावर वारा मारणारा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो; मात्र कोकणपट्टीत जून-जुलैच्या दमट हवेत तो निम्मेही काम करत नाही, तिथे पाणी गार करणाऱ्या चिलर यंत्राला पर्याय नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यावर बरेच भागते, पण त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. बाष्प होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागे उरते. 200 लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर उडत असतील आणि तीन दिवस कोणी भर घातली नाही, तर 188 लिटरमध्ये तेवढेच मीठ राहून खारटपणा 35 वरून 37 च्या वर चढतो. ही भर नेहमी गोड्या, शून्य टी.डी.एस.च्या पाण्याची असावी, आणि ती घालायला तरंगत्या खटक्याचे स्वयंचलित यंत्र पहिल्याच दिवशी घ्यावे. दिव्यांवर उधळण्याआधी पैसे इथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवाळ घेताना सुरुवात मऊ जातींनी करावी: मशरूम, लेदर, झोअँथिड. त्यांना मध्यम उजेड पुरतो आणि ती कठीण सांगाडा बांधत नसल्याने कॅल्शियमची ओढ फारशी नसते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की बहुतेक वेळा भागते. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) 8 ते 9 डी.के.एच. (ती मोजायचे एकक) दरम्यान स्थिर आहे ना, एवढे मात्र आठवड्याला तपासावे. ती घसरत राहिली तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजेच चुन्याची निवळी भरपाईच्या पाण्यातून थेंबथेंब सोडावी. एकदम ओतल्यास पी.एच. उसळतो. पानाचा चुना यासाठी वापरू नये. झोअँथिड हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात घालू नये: काही जातींतले पॅलिटॉक्सिन हे जहर वाफेबरोबर श्वासात जाऊन माणसाला रुग्णालयात पाठवते. भारतीय समुद्रातली खडक बांधणारी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हाच आहे.

मासे थोडे आणि शेवटी. संवर्धन केंद्रात जन्मलेली क्लाउनफिशची जोडी उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र केव्हाच बसवले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण ते त्या वेगळ्या टाकीतच. मुख्य टाकीत तेच कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मारते. कोळंबी सोडताना टाकीचे पाणी बारीक नळीने तासभर तिच्या भांड्यात ठिबकू द्यावे. पुढे एखाद्या सकाळी तिचे पारदर्शक, मिशांसकट अख्खे कवच वाळूवर दिसले तर ती मेली असे धरू नये; कात टाकून ती दगडाखाली दडलेली असते आणि नवे कवच कडक होईपर्यंत बाहेर येत नाही.

टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टर व पंपाची दुसरी टाकी, असल्यास वीज जाताच वरचे पाणी खाली उतरते, तेव्हा पंप मुद्दाम बंद करून ते सम्पमध्ये मावते की नाही हे टाकी भरल्या दिवशीच पाहून घ्यावे. शिवाय लाटांचा एक छोटा पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवावा, कारण पाणी स्थिर झाले की प्राणवायू तापमान बिघडण्याच्या कितीतरी आधी संपतो.